आजन्म विद्यार्थी : उस्ताद अल्लाउद्दीन खां

विद्या मिळविण्यासाठीं मनुष्यास किती कष्ट सोसावे लागतात, आणि मिळालेली विद्या दुसऱ्यास देतांना किती मोठें मन असावें लागतें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यांत पाहावयाच्या असतील तर सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खां यांचें चरित्र वाचावें. आपल्या शाळेंत घंटा झाली कीं शिक्षक वर्गांत येतो, पुस्तक उघडतो आणि शिकवूं लागतो. विद्या अशी आयती पुढें येत असल्यामुळें तिची किंमत विद्यार्थ्यांस कळत नाहीं, आणि पुष्कळदां पालकांसही कळत नाहीं. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्हीं हें चरित्र निवडलें आहे.

प्रथम सरोद म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सतार आपल्याकडे बऱ्याच ठिकाणीं दृष्टीस पडते. सरोद त्या मानानें कमी. सतारीच्या दांडीवर पडदे बसविलेले असतात, त्यामुळें बोट कोठें ठेवावें हें डोळ्यांस दिसतें. सरोदास पडदे नसतात. त्याचें पोट कातड्यानें मढविलेलें असून मानेवर गुळगुळीत पोलादी पत्रा असतो. एका हाताच्या बोटांनीं व नखांनीं तारा त्या पत्र्यावर दाबावयाच्या व दुसऱ्या हातांत नारळाच्या करवंटीचा जवा धरून त्या छेडावयाच्या, असा हा प्रकार आहे. स्वराची जागा येथें डोळा दाखवीत नाहीं. ती कानानेंच शोधावी लागते. बहुतेक वादक उजव्या हातानें तारा छेडतात. अल्लाउद्दीन खां डाव्या हातानें छेडीत.

त्यांचा जन्म पूर्व बंगालमधील शिबपूर नांवाच्या खेड्यांत झाला. हें खेडें ब्राह्मणबाडिया ह्या गांवाच्या बाजूस असून त्या वेळीं त्रिपुरा जिल्ह्यांत मोडत असे. आतां तो भाग बांगलादेशांत आहे. त्यांच्या जन्मवर्षाविषयीं दोन मतें आहेत. शिष्यमंडळी १८६२ हें साल मानीत आली, तर कांहीं अभ्यासक १८८१ धरतात. वडिलांस सतारीचा नाद होता आणि थोरले बंधु आफताबुद्दीन हे गायनवादनांत चांगले जाणते होते. अशा घरांतील मुलास सुरांची गोडी लागली तर नवल नाहीं. पण ती गोडी इतकी अनावर होती कीं पाठशाळेस म्हणून निघालेला हा मुलगा वाटेंतील शिवालयापाशीं बसून साधूंचें गाणें ऐकत राही. घरीं ही गोष्ट कळली तेव्हां त्यास चांगलीच शिक्षा झाली. परिणाम असा झाला कीं आठदहा वर्षांचा अल्लाउद्दीन घर सोडून पळाला व एका जात्रा मंडळींत शिरला. जात्रा म्हणजे बंगालमधील गाणींबजावणीं असलेलें लोकनाट्य. आपल्या कोंकणांतील दशावतारासारखें म्हटलें तरी चालेल.

घरांतून पळून जाणें हें कांहीं अनुकरणीय नव्हे, हें आम्हीं सांगावयास नकोच. ह्या पलायनाचें मोल त्या मुलासही पुरेपूर द्यावें लागलें. कलकत्त्यासारख्या अफाट शहरांत तो एकटा पडला. अन्नछत्रांत मिळेल तें खावें, गंगेचें पाणी प्यावें आणि घाटावर निजावें, असे त्याचे दिवस गेले. अखेर एका दयाळू गृहस्थाच्या ओळखीनें तो गोपालचंद्र भट्टाचार्य ह्या नामांकित गायकाकडे पोंचला. लोक त्यांस नुलो गोपाल म्हणत. त्यांनीं अट अशी घातली कीं बारा वर्षेंपर्यंत केवळ सरगम घोटावी लागेल; त्याआधीं राग नाहीं, चीज नाहीं. आजच्या विद्यार्थ्यास बारा आठवडे पाढे म्हणावयास सांगितले तरी तो कंटाळेल. त्या मुलानें ही अट आनंदानें पत्करली. सुमारें सात वर्षें गेलीं आणि प्लेगच्या साथींत गुरु मरण पावले. ह्या आघातानें अल्लाउद्दीन यांनीं गवई होण्याचा विचार सोडून दिला व ते वाद्यांकडे वळले. पण तीं सात वर्षें वायां गेलीं नाहींत. पुढें पडदे नसलेल्या वाद्यावर अचूक स्वर काढणारा जो कान त्यांस लाभला, तो ह्याच सरगमेनें घडविला होता.

ह्यानंतर कलकत्त्यांत त्यांनीं जेथून मिळेल तेथून विद्या गोळा केली. स्वामी विवेकानंदांचे आप्त अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त यांच्या वाद्यवृंदांत ते अनेक वाद्यें शिकले. हजारी उस्तादांकडे सनई शिकले. मिनर्व्हा नाट्यगृहांत वादकाची नोकरी करून पोट भरूं लागले. पाश्चात्य पद्धतीचें व्हायोलिन त्यांस शिकविलें तें लोबो नांवाच्या एका गोंवेकर ख्रिस्ती बँडमास्तरानें. ही गोष्ट आपल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गोव्यांतील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची जुनी वहिवाट होती, आणि तेथें तयार झालेले वादक मुंबई-कलकत्त्याच्या बँडांत मानानें काम करीत. खेड्यांतील देवळाच्या शाळेंत एखाद्या अनामिक शिक्षकानें लोबो यांस दिलेलें ज्ञान असें फिरत फिरत हिंदुस्थानी संगीताच्या एका महान् आचार्यापर्यंत पोंचलें. आपण शिकविलेलें कोठवर जाईल, हें कोणाही शिक्षकास आधीं ठाऊक नसतें.

इतकीं वाद्यें हातीं आल्यावर तरुण अल्लाउद्दीन यांस थोडा गर्व झाला. आपणांस आतां शिकण्याजोगें फारसें उरलें नाहीं असें मनांत धरून ते मुक्तागाछाचे जमीनदार राजा जगत्किशोर आचार्य यांच्या दरबारीं गेले. तेथें उस्ताद अहमद अली खां यांचें सरोद त्यांच्या कानीं पडलें आणि तो गर्व क्षणांत उतरला. त्यांनीं त्याच ठिकाणीं शिष्यत्व मागितलें. पुढें कांहीं वर्षें ते ह्या गुरूंच्या घरीं राहिले. स्वयंपाक केला, भांडीं घासलीं, पडेल तें काम केलें. शिकवणी मात्र बेताचीच होती. गुरु वाजवीत तें हा शिष्य दुरून ऐके आणि एकांतांत हातीं बसवी. आपण न शिकवितां शिष्यास इतकें येऊं लागलें, हें पाहून गुरु प्रसन्न होण्याऐवजीं अस्वस्थच झाले.

ह्या उस्तादांस निव्वळ कोत्या मनाचे म्हणून मोकळें होणें बरोबर नाहीं. त्या काळीं संगीताची विद्या ही घराण्याची मिळकत होती. छापील पुस्तकें थोडीं होतीं, विद्यालयेंही थोडीं. एखाद्या दरबाराचा आश्रय हाच पोटाचा आधार. जें आपल्या मुलांनातवंडांस जगविणार तें परक्यास देऊन टाकण्यास माणूस कचरतो. तरीही ह्या रीतीमुळें कित्येक चिजा उस्तादांबरोबरच मातींत गेल्या, हेंही खरें. शुभवर्तमानांतील जमिनींत धन पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आपले विद्यार्थी दरवर्षीं शिकतात. विद्येच्या बाबतींत त्याचा अर्थ काय होतो, तें येथें दिसतें.

पुढचा मुक्काम रामपूर. तेथील नबाब हमीद अली खां हे संगीताचे मोठे जाणकार होते, आणि त्यांचे गुरु उस्ताद वजीर खां हे तानसेनाच्या वंशपरंपरेंतील बीनकार होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यासारख्या विद्वानानें ज्या दरबाराकडे ज्ञानासाठीं धांव घेतली, त्याच दरबाराच्या दाराशीं हा बंगाली तरुण येऊन उभा राहिला. पहारेकरी त्यास आंत सोडीनात. पुष्कळ दिवस असे गेल्यावर निराश होऊन त्यानें एकदां नबाबांच्या गाडीपुढें स्वतःस झोंकून दिलें. नबाबांनीं चौकशी केली, त्याचें वादन ऐकलें आणि स्वतः मध्यस्थी करून वजीर खां यांच्याकडून त्यास गंडा बांधविला.

गंडा बांधला गेला, पण विद्या मिळेना. सुमारें अडीच वर्षें गुरूंनीं ह्या शिष्याकडे जवळजवळ लक्षच दिलें नाहीं. तो रोज येई, उभा राही, सांगितलेलें काम करी आणि परत जाई. दुसरा कोणी असता तर केव्हांच निघून गेला असता.

येथें दुसऱ्या एका व्यक्तीची आठवण केली पाहिजे. अल्लाउद्दीन यांचें लग्न लहानपणींच झालें होतें आणि पत्नी मदनमंजरी यांस मागें टाकून ते विद्येच्या पाठीस लागले होते. गांवीं त्या बाईंची दशा इतकी केविलवाणी झाली कीं त्यांच्या जिवावर बेतलें, आणि तशी बातमी रामपुरास आली. ती ऐकून वजीर खां यांस प्रथमच उमगलें कीं ह्या शिष्यानें त्यांच्या दाराशीं उभें राहण्यासाठीं काय काय गमावलें आहे. त्या दिवसापासून त्यांचें मन पालटलें. त्यांनीं स्वतः शिकविलें व आपल्या मुलांसही शिकविण्यास सांगितलें. बीन मात्र घराण्याबाहेर न देण्याचा नियम त्यांनीं मोडला नाहीं. त्या वाद्यावरील गंभीर आलापाची रीति त्यांनीं सरोद, रबाब व सूरशृंगार ह्या वाद्यांच्या द्वारें शिष्यास दिली. चरित्रकार पुरुषाच्या तपश्चर्येचें वर्णन करतात. त्या तपश्चर्येची अर्धी किंमत घरीं बसलेली स्त्री देत असते, हें आमच्या मुलींच्या वर्गांत तरी सांगितलें गेलें पाहिजे.

१९१८ सालीं अल्लाउद्दीन खां मैहर येथें आले. मैहर हें बघेलखंडांतील एक लहानसें संस्थान. आतां तें मध्य प्रदेशांत आहे. राजे ब्रिजनाथसिंह हे स्वतः त्यांचे शिष्य झाले. पण खांसाहेबांच्या आयुष्यांतील आम्हांस सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट राजवाड्याबाहेर घडली. त्या सुमारास साथीच्या रोगानें त्या भागांत पुष्कळ मुलें पोरकीं झालीं होतीं. खांसाहेबांनीं अशीं निराधार मुलें गोळा केलीं आणि राजांच्या आश्रयानें त्यांस वाद्यें शिकविण्यास आरंभ केला. सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला अशीं वाद्यें त्या मुलांच्या हातीं आलीं. बंदुकीच्या जुन्या नळ्या कापून, त्यांचे निरनिराळे स्वर लावून त्यांनीं नलतरंग नांवाचें एक नवें वाद्यही सिद्ध केलें. माणसें मारण्यासाठीं ओतलेलें लोखंड असें पोरक्या मुलांच्या हातांत गाऊं लागलें. हा मैहर बँड पुढें देशभर प्रसिद्धीस आला, आणि त्याची परंपरा मैहर येथें अद्यापि चालूं आहे.

पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून निराधार मुली आणून त्यांस केडगांवीं विद्या व उद्योग शिकविला, हें आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. मैहरचें काम त्याच जातीचें होतें. ज्यास अडीच वर्षें दाराशीं तिष्ठत ठेविलें, त्यानें आपल्या दाराशीं कोणासच तिष्ठत ठेविलें नाहीं. हिंदु असो वा मुसलमान, धनिक असो वा भिकारी, शिष्याची निष्ठा खरी दिसली कीं खांसाहेब त्यास ठेवून घेत. शिकविण्याचे पैसे घेत नसत. भोगलेल्या दुःखाचा सूड पुढच्या पिढीवर उगविणारीं माणसें पुष्कळ असतात. तें दुःख आपल्यापाशींच थांबविणारीं थोडीं.

असें म्हटलें तरी एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. खांसाहेबांचा राग भयंकर होता. मुलगा अली अकबर यांस त्यांनीं रियाजासाठीं झाडास बांधून मारल्याचीं वर्णनें आहेत. पुढें अली अकबर जगप्रसिद्ध झाले, म्हणून कांहीं पालक असा निष्कर्ष काढतील कीं मारल्यावांचून विद्या येत नाहीं. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं, आणि त्याचें उत्तर ह्याच घरांत सांपडतें.

खांसाहेबांची वडील कन्या जहांआरा हिला त्यांनीं संगीत शिकविलें होतें. लग्नानंतर ह्या विद्येपायीं तिला सासरीं छळ सोसावा लागला व ती अकालीं वारली. ह्या दुःखानें त्यांनीं ठरविलें कीं धाकट्या मुलीस संगीत शिकवावयाचें नाहीं. ही धाकटी म्हणजे १९२७ सालीं जन्मलेली अन्नपूर्णा. हें नांव मैहरच्या राजांनीं ठेविलेलें. घरचें नांव रोशनआरा. एके दिवशीं भावास धडा देऊन वडील बाहेर गेले. भाऊ चुकूं लागला तशी ही खेळांत दंग असलेली मुलगी त्याच्या चुका गाऊन दुरुस्त करूं लागली. वडील मागें येऊन उभे राहिले होते, हें तिला कळलें नाहीं. कळलें तेव्हां ती भिऊन गेली. पण वडिलांनीं हात उगारला नाहीं. त्यांनीं तिला जवळ घेतलें व त्या दिवसापासून विद्या देण्यास आरंभ केला. प्रथम गायन, मग सतार, आणि पुढें सुरबहार हें धीरगंभीर वाद्य त्यांनीं तिच्या हातीं दिलें. ह्याच अन्नपूर्णादेवींनीं पुढें मुंबईंत राहून निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांसारख्या वादकांस मार्गदर्शन केलें. २०१८ सालीं मुंबईंतच त्यांचें निधन झालें. न मारतां, न सांगतां, केवळ कानावर पडून जी विद्या रुजली ती ही. तेव्हां छडी ही विद्येची जननी नव्हे, हें पालकांनीं येथून घ्यावें.

१९३५ सालीं उदय शंकर यांच्या नृत्यमंडळींबरोबर खांसाहेब युरोपच्या प्रवासास निघाले. मुंबईच्या धक्क्यावर उदय शंकरांच्या मातोश्री हेमांगिनीदेवी निरोप देण्यास आल्या होत्या. त्यांनीं आपल्या सर्वांत धाकट्या मुलाचा, रवीचा, हात खांसाहेबांच्या हातीं दिला आणि ह्या पोरक्या मुलास सांभाळावें अशी विनंती केली. खांसाहेबांचे डोळे भरून आले. थोड्याच महिन्यांत त्या माउली वारल्या. हा मुलगा तेव्हां नृत्याच्या झगमगाटांत रमलेला होता; खांसाहेबांनीं त्यास एका वेळीं अनेक गोष्टींमागें धांवण्याबद्दल खडसावलें. १९३८ सालीं तो परदेशांतील थाटाचा पोशाख टाकून, डोकें मुंडवून मैहरला आला आणि साधारण सात वर्षें शिकला. पंडित रवि शंकर म्हणून जगानें त्यांस ओळखलें. अली अकबर खां, तिमिर बरन, बांसरीवादक पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी, शरणराणी अशी ही शिष्यमालिका लांबच लांब आहे. तींत सरोद आहे, सतार आहे, सुरबहार आहे, बांसरीही आहे. एका गुरूच्या हाताखालीं इतक्या भिन्न वाद्यांचे श्रेष्ठ वादक निपजले, ह्याचें कारण त्यांनीं केवळ हाताची हिकमत शिकविली नाहीं. राग कसा गावा तें आधीं शिकविलें व मग तोच राग वाद्यांतून काढावयास लाविला.

त्यांच्या कलेचें वैशिष्ट्य येथेंच आहे. बीनकारांचा संथ, विचारपूर्वक आलाप, मग लय धरून येणारा जोड, शेवटीं जलद झाला, आणि त्यानंतर तबल्याबरोबरच्या गती, अशा क्रमानें रागाचें संपूर्ण रूप सरोदावर उभें करण्याची पद्धति त्यांनीं दृढ केली. हेमंत, मदनमंजरी, मांझ खमाज, शोभावती इत्यादि राग त्यांनीं रचले. मदनमंजरी हें नांव कोणाचें, तें वाचकांस आठवत असेलच. त्यांचे धाकटे बंधु आयेत अली खां हे वाद्यें घडविण्यांत निष्णात होते. दोघां भावांनीं मिळून सरोदाच्या रचनेंत व तारांत सुधारणा करून त्याचा नाद अधिक भरदार केला.

खांसाहेब निष्ठावंत मुसलमान होते. पांच वेळां नमाज पढत. त्याचबरोबर मैहरच्या टेंकडीवरील शारदादेवीविषयीं त्यांच्या मनांत अपार भक्ति होती. आपणां ख्रिस्ती वाचकांची श्रद्धा निराळी आहे आणि ती आपण जपतों. तरी स्तोत्रसंहितेच्या अखेरच्या स्तोत्रांत देवाच्या स्तुतीसाठीं तंतुवाद्यांचीही नोंद आहे, हें आपण विसरूं नये. वाद्य हातीं घेणें म्हणजे प्रार्थनेस बसणें, ही खांसाहेबांची भावना समजावयास आपणांस कठीण जाऊं नये.

सन्मान उशिरां आले, पण आले. १९५२ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९५८ सालीं पद्मभूषण आणि १९७१ सालीं पद्मविभूषण त्यांस मिळालें. ते मैहर सोडून कोठें मोठ्या शहरीं राहावयास गेले नाहींत. ६ सप्टेंबर १९७२ रोजीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला.

पालक आम्हांस पुष्कळदां विचारतात कीं संगीताच्या तासाचा परीक्षेस काय उपयोग. उपयोग असेल वा नसेल. पण आपल्या वर्गांत मागच्या बांकावर गप्प बसणारें एखादें मूल, ज्यास गणित येत नाहीं व ज्याच्या घरीं विचारपूस करणारें कोणी नाहीं, त्याच्या बोटांत काय आहे हें आपण वाद्य हातीं दिल्यावांचून कसें कळावें? मैहरच्या पोरक्या मुलांपैकीं कोणाचीही परीक्षा घेऊन खांसाहेबांनीं त्यांस निवडलें नव्हतें. त्यांनीं आधीं वाद्य दिलें. आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत पेटी आहे, तबला आहे, दोन व्हायोलिनें आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर तें दार उघडें असतें. ज्या मुलास आंत यावेंसें वाटेल त्याच्या पालकांनीं त्यास घरीं लौकर बोलावूं नये, एवढीच विनंती.